फोनवर मी फक्त आकडा विचारला

बिलोली तालुक्यात खरिपाची पिकं कमरेला लागली की विषबाधेचे पेशंट वाढतात. दिवसभर पाठीवर पंप घेऊन कापसावर फवारणी करणारा माणूस संध्याकाळी घाम, लाळ आणि उलट्यांनी बेजार होऊन येतो. कर्जानं किंवा घरातल्या भांडणानं खचलेला कुणी तोच डबा तोंडाला लावतो. याच दिवसांत मण्यार घरात शिरते आणि खाली अंथरुणावर झोपलेल्याला चावते. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात आणि चावल्याची खूणही धड सापडत नाही. यांना पहिला उपचार गावाजवळ किंवा बिलोलीत मिळतो, पुढे नरसी-नायगावमार्गे नांदेड गाठावं लागतं. सीमेलगतच्या गावांतले काही जण मांजरा ओलांडून बोधन, निजामाबादकडे जातात.

या दोन्ही प्रकारच्या पेशंटांत एक गोष्ट सारखी आहे. श्वासाचे स्नायू लुळे पडतात तेव्हा हृदय बहुधा चालूच असतं आणि मेंदू शाबूत असतो. वेळेवर कुणी त्यांचा श्वास चालवला आणि काही दिवस चालू ठेवला, तर माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो. अतिदक्षता विभागाचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही. म्हणूनच अशा पेशंटाच्या बाबतीत झालेली माझी चूक मला कधी सोडून गेली नाही.

मी भूलतज्ज्ञ. मूळ गाव बिलोली तालुक्यातलं. शिक्षण संपल्यावर बरीच वर्षं नांदेडमधल्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग सांभाळला. तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना शिकवण्याचं कामही माझ्याकडेच होतं, आणि ते आपण चांगलं करतो असं मी समजत होतो.

आमच्या भागातलाच एक तरुण शेतकरी कीटकनाशकाच्या विषबाधेनं दाखल झाला होता. पहिले दोन दिवस कठीण गेले. तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला, आईशी त्याच्या बैलांविषयी काहीतरी बोलला. अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, हळूहळू कमी करत होतो. त्या रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरांचा फोन आला.

"सर, पेशंट मान उचलंना गेलाय. उशी सरकवायला गेले तर डोकं तसंच मागं पडालंय."

मी विचारलं, "सॅच्युरेशन किती आहे?"

"97. ऑक्सिजन चालू आहे, सर."

"बीपी?"

"120 बाय 80. पण सर, आवाज बी बारीक झालाय त्याचा."

"सिस्टर, आकडे चांगले आहेत ना? मग लक्ष ठेवा. सकाळी बघतो."

पहाटे त्याचा श्वास थांबला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ट्यूब टाकली, छाती दाबली, हृदय पुन्हा चालू केलं. मेंदू मात्र परत आला नाही. काही दिवसांनी तो गेला.

सिस्टरांनी नोंदवहीत आपल्या फोनची वेळ लिहून ठेवली होती आणि पुढे तीनच शब्द: सरांना तोंडी कळवले. त्या तीन शब्दांत सगळं होतं. तरीही सकाळच्या बैठकीत मी सर्वांसमोर त्यांनाच म्हणालो की तुम्ही गांभीर्य नीट सांगायला हवं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. आईला मी सांगितलं की विष फार जबर होतं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि ती माउली माझे हात धरून "तुम्ही लई केलं साहेब" म्हणाली तेव्हा मी गप्प राहिलो. रात्रीच्या चुकीइतकीच सकाळची ही दोन वाक्यं मला जड वाटतात.

सिस्टरांनी जे पाहिलं होतं त्याचं वर्णन वैद्यकशास्त्रात आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झालेला माणूस पहिल्या तडाख्यातून सावरतो आणि साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान त्याची मान, खांदे, मांड्या आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडायला लागतात. 1987 साली श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करलियद्दे या दोन डॉक्टरांनी याची नीट मांडणी केली. पेशंटाला उशीवरून मान उचलता न येणं ही त्यातली सगळ्यांत आधी कळणारी खूण. ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटाचं सॅच्युरेशन अशा वेळी बराच काळ चांगलं दिसतं. श्वास उथळ होत जातो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि बोटाला लावलेल्या चिमट्याला त्याचा पत्ता नसतो. हे सगळं मी परीक्षेसाठी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. रात्री फोनवर त्यातलं काहीच मला आठवलं नाही, कारण माझ्या डोक्यात "काळजी कधी करायची" याचा एक आकडा ठरलेला होता.

तोच आकडा मी सगळ्यांना शिकवला होता. सॅच्युरेशन 94 च्या खाली गेलं, बीपी 90 च्या खाली गेलं, नाडी 120 च्या वर गेली तर मला फोन करा. भिंतीवर तसा तक्ता लावला होता. त्या सिस्टर तक्त्याच्या पलीकडे गेल्या, स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी पाहिलं, आणि मी त्यांना परत तक्त्यात ढकललं. मी वाईट शिकवत होतो याचा याहून स्पष्ट पुरावा काय असणार?

अॅट्रोपिनचीही गोष्ट सांगायला हवी. बाहुल्या मोठ्या झाल्या की डोस पुरेसा झाला, असं मी अनेक वर्षं शिकवलं. मला माझ्या वरिष्ठांनी तसंच शिकवलं होतं. खरी खूण छातीत असते. फुफ्फुसांतला घरघर आवाज थांबला का, काखा कोरड्या झाल्या का, नाडी 80 च्या वर आणि बीपी ठीक आहे का, हे बघायचं. तोपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं. अॅट्रोपिनच्या एका अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं, म्हणजे गंभीर पेशंटाला सुरुवातीलाच तीन-चार-पाच अँप्युल आणि पुढे दहा, वीस अशी वाढ. इतक्या अँप्युल फोडताना नव्या नर्सचा हात थबकतो, आणि ते साहजिक आहे. तो हात थबकू नये म्हणून शिकवायचं असतं. मी मात्र बाहुल्यांवर टॉर्च मारायला शिकवून मोकळा झालो. बाहुल्या कधी उशिरा मोठ्या होतात, त्यामुळे काहींना औषध जास्त गेलं आणि भ्रम झाल्यामुळं त्यांचे हात कॉटला बांधावे लागले. काहींच्या बाहुल्या मोठ्या झाल्या तरी छाती ओलीच होती, त्यांना औषध कमी पडलं.

त्या तरुणाच्या मृत्यूनंतर मी शिकवण्याचं मनावर घेतलं आणि दुसऱ्या चुकीला सुरुवात केली. मोठी कार्यशाळा घेतली. हॉटेलचा हॉल, प्रोजेक्टर, दोन दिवस भाषणं. व्हेंटिलेटरचे मोड, दाबाचे आलेख, रक्तवायूंचे तक्ते, सगळं इंग्रजीत. पुढच्या खुर्च्यांवर डॉक्टर बसले, मागच्या रांगांत नर्स. प्रश्न फक्त पुढून आले. आधी आणि नंतर परीक्षा घेतली, गुण भरपूर वाढले, सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली, फोटो काढले. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरहून लोक आले होते. दोन महिन्यांनी मी रात्री अचानक विभागात गेलो तर सक्शन तसंच चाललं होतं, पेशंटची मान कुणी तपासत नव्हतं, आणि अलार्म वाजला की सायलेंटचं बटण दाबलं जात होतं. रात्रपाळीत जे होते त्यांतलं कुणी कार्यशाळेला आलेलंच नव्हतं. रात्रपाळी करून दिवसा हॉटेलात कोण येणार? इन्चार्ज सिस्टर आल्या होत्या, आणि त्या दिवसपाळीत असतात.

प्रशिक्षणाच्या शास्त्रात जॉर्ज मिलर यांनी 1990 साली मांडलेला एक साधा विचार आहे. माहीत असणं, कसं करायचं ते सांगता येणं, करून दाखवता येणं आणि प्रत्यक्ष कामात रोज करणं, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. मी पहिल्या पायरीची परीक्षा घेऊन चौथीचं प्रमाणपत्र दिलं. छाती दाबण्यासारखं कौशल्यसुद्धा सराव नसेल तर काही महिन्यांत ओसरायला लागतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. दोन दिवसांचा कार्यक्रम वर्षाला पुरेल ही माझी समजूत होती. तिला कसलाही आधार नव्हता.

त्या कार्यशाळेत मी बाल्टिमोरच्या पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या यादीवर एक अख्खं सत्र घेतलं होतं. मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाईन टाकताना पाळायच्या पाच गोष्टी: हात धुणं, क्लोरहेक्सिडिननं त्वचा साफ करणं, पेशंट पूर्ण झाकून स्वतः टोपी-मास्क-गाऊन घालणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच लाईन काढून टाकणं. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी हे केलं आणि रक्तातला जंतुसंसर्ग विलक्षण कमी झाला, तो अभ्यास 2006 मध्ये छापून आला. मी यादी छापून लॅमिनेट केली आणि भिंतीवर लावली. पण त्या कामाचा निम्मा भाग मी सांगितलाच नाही. तिथं नर्सला अधिकार दिला होता: डॉक्टरनं एखादी पायरी गाळली तर तिनं त्याला थांबवायचं, आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभं राहील. मी कागद घेतला आणि अधिकार तिथंच सोडला. तो मी जाणूनबुजून गाळला का, यावर मी खूप विचार केला आहे. बहुधा हो. मला थांबवणारी नर्स मला नको होती.

कारण त्या काळात मी ओरडायचो. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायलाच हवं. एका नव्या ब्रदरनं पेशंटाच्या कॉटजवळ विचारलं, "सर, ट्यूब जरा खोल गेलीय का? डाव्या बाजूला हवा कमी वाटतीय." मी नातेवाइकांसमोर म्हणालो, "तू ऐकून मला शिकवणार का?" एक्स-रे आला तेव्हा ट्यूब श्वासनलिकेच्या उजव्या फाट्यात होती. मी ती मागे ओढली, पेशंटला काही झालं नाही आणि मी ते प्रकरण विसरलो. तो पोरगा ते विसरला नाही. त्यानंतर त्यानं मला कधीही, काहीही विचारलं नाही. त्याच्या गप्प बसण्याला मी शिस्त समजत होतो.

इंग्लंडमधली एलेन ब्रोमिली या बाईंची गोष्ट मी फार उशिरा वाचली. मार्च 2005 मध्ये सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर त्यांचा श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर ट्यूब टाकण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. एक नर्स गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचं सामान घेऊन आली आणि तयार आहे असं म्हणाली. दुसरीनं अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली आणि डॉक्टरांच्या नजरेकडं बघून ती परत रद्द केली. काय करायला हवं हे नर्सना कळलं होतं, पण ते डॉक्टरांच्या कानांपर्यंत कसं पोचवायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. बाई गेल्या. त्यांचे पती मार्टिन विमानाचे पायलट होते. विमानाच्या कॉकपिटमध्ये कनिष्ठानं वरिष्ठाला रोखायचं प्रशिक्षण दिलं जातं, मग रुग्णालयात का नाही, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. ही हकिगत वाचली त्या रात्री मला त्या सिस्टरांचा फोन शब्दशः ऐकू आला. त्या दोनदा बोलल्या होत्या. तिसऱ्यांदा बोलण्याची हिंमत माझ्या ओरडण्यानं आधीच संपवलेली होती.

मराठवाड्यातल्या खासगी अतिदक्षता विभागांत रात्री प्रत्यक्ष कोण असतं, हेही स्पष्ट लिहितो. बहुतेक ठिकाणी बीएएमएस झालेला तरुण निवासी डॉक्टर, म्हणजे आरएमओ, आणि जीएनएम किंवा एएनएम झालेल्या एक-दोन नर्स. तज्ज्ञ घरी, फोनवर. 2014 मध्ये राज्यात सुरू झालेल्या 108 रुग्णवाहिकांतही आयुर्वेदाचे पदवीधर डॉक्टर मोठ्या संख्येनं काम करतात. मी या मुलांना शिकवायचं टाळत असे. "हे काय कायमचे थोडेच राहणार" असं म्हणून मी एमडी होऊ घातलेल्यांकडं लक्ष द्यायचो. पण पहाटे तीन वाजता पेशंटाचा श्वास थांबतो तेव्हा खोलीत असतो तो हा आरएमओ. त्याला ट्यूब टाकता येवो न येवो, मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवून अंबू बॅगनं श्वास देता आलाच पाहिजे. हे त्याला शिकवणं कायद्याच्या, पदव्यांच्या वादात अडकवून ठेवणं चुकीचं आहे असं माझं आता ठाम मत आहे. त्याच्या हाताखाली पेशंट देताना आपण हा वाद घालत नाही.

नर्सच्या बाबतीत तर मी याहून वाईट वागलो. शिकवलं की त्या हैदराबादला, पुण्याला, आखाती देशांत जातात, अशी सगळ्याच रुग्णालयांची तक्रार असते. आम्ही ठरवलं की प्रशिक्षण घेतलेल्या नर्सनं ठरावीक काळ राहायचं, तोवर तिची मूळ कागदपत्रं रुग्णालयाकडे राहतील. त्या ठरावावर माझी सही आहे. पगार वाढवा, रात्रपाळीची संख्या कमी करा, असं म्हणायला मी तोंड उघडलं नाही. एका मुलीला बाहेर चांगली नोकरी लागली आणि कागदांसाठी तिचे वडील गावाहून दोनदा हेलपाटे घालून गेले. धोतर नेसलेला म्हातारा माझ्या केबिनबाहेर बाकावर बसलेला मी पाहिला आणि मागच्या दारानं राऊंडला गेलो. शिक्षण देणं म्हणजे माणूस विकत घेणं नव्हे, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग कोविड आला. 2020 आणि 2021 च्या लाटांत नवीन मुलं-मुली कंत्राटावर भरली गेली आणि एका दिवसाच्या माहितीवर व्हेंटिलेटरसमोर उभी केली गेली. मीही असे वर्ग घेतले. एका कंपनीच्या मशीनवर शिकवायचो आणि विभागात दुसऱ्या कंपनीचं मशीन यायचं. एकाच पद्धतीला प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, बटणं वेगळी. मुलं गोंधळायची आणि मी चिडायचो. मी बटणं शिकवत होतो. पेशंटाच्या छातीत काय चाललंय ते शिकवलं असतं तर कुठल्याही मशीनवर त्यांनी वाट काढली असती.

त्याच काळातली माझी एक चूक आकड्यांत सांगता येते. आजारी फुफ्फुसाला एका श्वासात किती हवा द्यायची, हे पेशंटाच्या उंचीवरून ठरतं, कारण फुफ्फुसाचा आकार उंचीवर अवलंबून असतो, चरबी वाढली म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. 2000 साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात किलोमागे 12 मिलिलिटर हवा दिलेल्यांपैकी जवळपास 40 टक्के दगावले आणि 6 मिलिलिटर दिलेल्यांपैकी 31 टक्के. यातला किलो म्हणजे उंचीवरून काढलेलं वजन. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं ते साधारण साडेएकसष्ट किलो येतं, म्हणजे एका श्वासाला 370 मिलिलिटर. तोच माणूस काट्यावर 90 किलोचा असेल आणि काट्याचं वजन धरलं, तर 540. हा फरक फुफ्फुस फाडायला पुरतो. मला हे पाठ होतं. पण आमच्या चार्टवर रकाना फक्त वजनाचा होता, आणि तेही नातेवाइकांना विचारून लिहिलेलं. विभागात लाखांची यंत्रं होती, शिंप्याकडे असते तसली टेप नव्हती. मी "उंची मोजा" असं भाषणात सांगितलं होतं, पण चार्टवर उंचीचा रकाना आखला नव्हता आणि कॉटला टेप बांधली नव्हती. शिकवलेलं कामात उतरावं असं वाटत असेल तर कामाची जागाही बदलावी लागते, हे मला किती जणांच्या फुफ्फुसांच्या मोबदल्यात कळलं, याचा हिशेब माझ्याकडं नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. देशभर बातम्या झाल्या. यांतले बरेच पेशंट अखेरच्या अवस्थेत बाहेरून आणले गेले होते, असं प्रशासनानं सांगितलं. दोषाची वाटणी करण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही आणि ते माझं कामही नाही. पण त्या बातम्यांनी मला तालुक्याकडं तोंड वळवायला लावलं. नांदेडला पोचायच्या आधीच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरांत पेशंटाचा श्वास कोण सांभाळतं? त्या माणसाला कुणी काही शिकवलंय का? मी वर्षानुवर्षं नांदेडच्या हॉलमध्ये शिकवत होतो आणि माझे स्वतःचे गावकरी वाटेत दगावत होते.

तेव्हापासून मी बिलोलीत येतो. लहान दवाखान्यांतल्या नर्स, ब्रदर, आरएमओ, जमेल तेव्हा रुग्णवाहिकेतले डॉक्टर आणि चालकसुद्धा, सगळे एकाच वेळी, एकाच कॉटभोवती. डॉक्टरांसाठी वेगळी खुर्ची नाही. मराठीत बोलतो. एका वेळी एकच गोष्ट, पंधरा-वीस मिनिटं, आणि तीच पुढच्या खेपेला पुन्हा. रात्रपाळीला जाऊन घेतो, कारण रात्रपाळीचं माणूस दिवसा येणार नाही हे आता मला माहीत आहे.

सगळ्यांत जास्त वेळ अंबू बॅगला देतो. अतिदक्षता विभागाचा जन्मच हातांतून झालेला आहे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वास थांबलेली मुलं पटापट मरत होती आणि यंत्रं जेमतेम होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यात नळी बसवून हातानं पिशवी दाबत श्वास द्यायचं सुचवलं. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, पेशंटाच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. ऐंशी टक्क्यांच्या वर असलेलं मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्या विद्यार्थ्यांकडे मॉनिटर नव्हते. छाती वर येते का, ओठांचा रंग कसा आहे, पोराला घाम फुटलाय का, हे बघून ते शिकले. म्हणून मी इथं सांगतो: पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबा, छाती उचलेल इतकंच दाबा, घाबरून भराभर दाबू नका. ऐकायला सोपं वाटतं. हातात बॅग दिली की अनुभवी माणूससुद्धा दुप्पट वेगानं दाबतो. मीही दाबत होतो, एका नर्सनं घड्याळ लावून मला ते दाखवून दिलं.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव मी इथल्या प्रत्येक तुकडीला सांगतो. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा माणूस. कोकणात महाडजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचू चावलेल्या पेशंटांजवळ रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. नाडी, घाम, हातापायांचा गारठा, फुफ्फुसात पाणी कधी होतं. 1982 मध्ये त्यांच्या निरीक्षणांना लॅन्सेटनं जागा दिली आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापरानं विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी कमी झाले. त्यांच्याजवळ होतं ते पेशंटाजवळ बसणं. बिलोलीच्या नर्सला ते परकं नाही. ती बसतेच. फक्त तिनं बघितलेलं मोलाचं आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि माझ्यासारख्यानं तर उलटं सांगितलेलं असतं.

आता आकड्यांचा तक्ता राहिला आहे, पण त्याच्या वर तीन ओळी आहेत. मान उचलता येते का. एका श्वासात किती मोजता येतं. आवाज कालच्यासारखा आहे का. एका श्वासात मोजायला लावणं शिकवताना एक अडचण आली, ती इथल्याच लोकांनी सोडवली. मण्यार चावलेल्या एका बाईंना आमचा ब्रदर म्हणत होता, एका दमात एक-दोन-तीन म्हणा. बाई नुसत्या बघत राहिल्या. मावशी झाडत होत्या, त्या पुढं झाल्या आणि तेलुगूत म्हणाल्या, मोज गं माझ्याबरोबर: ओकटी, रेंडू, मूडू. बाई नऊपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. अर्ध्या तासानं सहावर आल्या. सॅच्युरेशन तेव्हाही 98 होतं. त्या आकड्यावर विसंबलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं. वाटेत श्वास थांबेल हे गृहीत धरून बॅग, मास्क आणि बॅग दाबू शकणारी नर्स बरोबर देऊन त्यांना पाठवलं. नरसीच्या पुढे खरोखरच बॅग दाबावी लागली. बाई वाचल्या. आता आमच्याकडं मोजणी मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही बोलींत लिहून ठेवली आहे, आणि शिकवायच्या वेळी मावशींनाही बोलावतो.

फोन कसा करायचा तेही शिकवतो, आणि फोन कसा घ्यायचा ते डॉक्टरांना शिकवतो. हे दुसरं जास्त अवघड जातं. नर्स म्हणाली "मला पेशंट ठीक वाटत नाही", तर आकडा विचारायच्या आधी "काय दिसतंय?" असं विचारायचं. तिनं तेच दुसऱ्यांदा सांगितलं तर उठून जायचं, वाद घालायचा नाही. काही डॉक्टर मित्र म्हणतात, अशानं रात्रीची झोप राहणार नाही. खरं आहे, राहत नाही. बहुतेक वेळा गेल्यावर काही निघतही नाही. तरी मी सिस्टरला "बरं केलंत बोलावलंत" एवढं म्हणून येतो. ओरडायची सवय पूर्ण गेली असं मात्र म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा आवाज चढला, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली.

त्या पहिल्या सिस्टरांची माफी मागायला मला फार वर्षं लागली. त्या आता तेलंगणात एका मोठ्या रुग्णालयात काम करतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, मी त्या दिवशी तुमच्या घरी माणूस पाठवायला पाहिजे होता." इतक्या वर्षांनीही त्या चूक स्वतःकडेच शोधत होत्या. मी सांगितलं, तुमची चूक नव्हती, माझी होती. त्या तरुणाच्या आईकडं मात्र मी अजून गेलेलो नाही. गाव माहीत आहे.

अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. प्रशिक्षणाचा वेळ ड्यूटीच्या तासांत धरा, त्याचा पगार द्या, रात्रपाळीत जाऊन शिकवा, आणि कुणाचीही कागदपत्रं अडवू नका. आणि वाचकहो, तुमचं माणूस अतिदक्षता विभागात दाखल झालं तर मशीन कोणतं आहे हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: रात्रीच्या पाळीत एका सिस्टरकडं किती पेशंट असतात? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटाला एक नर्स, असा नियम भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत आहे. तो तिथं पाळला जातो का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.